कारण सांगण्याचे सौजन्य: न्यूयॉर्क रेंजर्सच्या जनरल मॅनेजरांना खुले पत्र

३० जून २०२५

प्रति,
मा. श्री. क्रिस ड्रुरी,
अध्यक्ष व जनरल मॅनेजर, न्यूयॉर्क रेंजर्स,
मॅडिसन स्क्वेअर गार्डन, न्यूयॉर्क

महोदय,
स. न. वि. वि.

१२ जून रोजी आपण क्रिस क्रायडरला ॲनाहाइम डक्स संघाकडे पाठवलेत. २००९ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) रेंजर्सने निवडलेला हा खेळाडू तेरा हंगाम याच निळ्या जर्सीत खेळला. नियमित हंगामात त्याने ३२६ गोल केले, आणि जवळजवळ शंभर वर्षांच्या या बर्फावरच्या हॉकी संघाच्या इतिहासात त्याच्याहून जास्त गोल फक्त रॉड गिल्बर्ट आणि जाँ रातेल या दोघांच्या नावावर आहेत. त्याच्या बदल्यात केरी टेरन्स हा तरुण खेळाडू आणि आपली चौथ्या फेरीतली ड्राफ्ट निवड देऊन तिसऱ्या फेरीतली एक निवड, एवढे रेंजर्सच्या पदरात पडले. हा व्यवहार फायद्याचा की तोट्याचा, यावर लोक वर्षभर वाद घालतील आणि त्यांनी तो जरूर घालावा. माझी तक्रार त्या हिशेबाबद्दल नाही. त्याला का जाऊ दिले आणि त्याच्यानंतर हा संघ कोणत्या वाटेने निघाला आहे, हे आम्हा चाहत्यांना उद्देशून आपण सांगितलेले नाही, ही माझी तक्रार आहे. आभाराचे रीतीचे शब्द झाले आणि विषय मिटला. उद्या १ जुलै, म्हणजे मोकळ्या झालेल्या खेळाडूंशी करार करण्याचा पहिला दिवस. नवी नावे येतील, मोठे आकडे छापून येतील आणि त्या गडबडीत हा प्रश्न मागे पडेल, म्हणून हे पत्र आजच लिहीत आहे.

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे रवाना केली आहे. मराठीत ते प्रसिद्ध करण्याचे कारण साधे आहे. क्वीन्समध्ये, लाँग आयलंडवर आणि हडसनपलीकडच्या न्यू जर्सीत अशी कितीतरी मराठी घरे आहेत जिथे हिवाळ्यात संध्याकाळी टीव्हीवर क्रिकेट नसते, बर्फावरची हॉकी असते. न्यू जर्सीतल्या काही घरांत तर वडील रेंजर्सचे आणि मुलगी डेव्हिल्सची, असा कायमचा तंटा आहे. या लोकांनीही हे वाचावे आणि पटले तर आपापल्या परीने आपल्याला लिहावे, अशी इच्छा आहे.

मी कोण, हे सांगायला हवे. मी मूळची पुण्यातल्या खडकीची. खडकी म्हणजे दारूगोळा कारखाना, लष्कराच्या वसाहती आणि हॉकी. शाळेत असताना मीही हातात काठी धरली आहे, अर्थात मातीच्या मैदानावर. न्यूयॉर्कला आले ते १९९४ च्या वसंतात. त्या मे महिन्यात मार्क मेसियेने डेव्हिल्सविरुद्धचा सहावा सामना आम्ही जिंकणारच असे जाहीर सांगितले आणि त्या सामन्यात स्वतः तीन गोल केले. १४ जूनला व्हँकूव्हरला सातव्या सामन्यात ३-२ ने हरवून रेंजर्सने १९४० नंतर, म्हणजे चौपन्न वर्षांनी, स्टॅनली कप, म्हणजे लीगचे अजिंक्यपद, जिंकला. नवख्या माणसाला या शहराशी बांधून टाकायला तेवढे पुरे होते. तेव्हापासून मी या संघाची आहे. १९९७ नंतर सलग सात हंगाम प्लेऑफ (हंगामानंतरच्या बाद मालिका) दिसले नाहीत तेव्हाही होते, आणि २०१४ च्या अंतिम फेरीत लॉस एंजेलिसने जादा वेळेत पुन्हा पुन्हा काळजाचे पाणी केले तेव्हाही होते. गेली बरीच वर्षे आम्ही तीन कुटुंबे मिळून वरच्या मजल्यावरची दोन सीझन तिकिटे घेतो आणि सामने वाटून घेतो. दिवाळीच्या आधी कोणाला कोणता सामना याची वाटणी होते, आणि बोस्टनच्या सामन्यावरून दरवर्षी थोडे रुसवेफुगवे होतात.

आता मुद्द्याकडे येते.

८ फेब्रुवारी २०१८ रोजी या संघाने आम्हाला एक पत्र लिहिले होते. त्यावर तत्कालीन अध्यक्ष ग्लेन सेदर आणि जनरल मॅनेजर जेफ गोर्टन यांच्या सह्या होत्या. त्याआधीच्या बारापैकी अकरा हंगामांत रेंजर्स प्लेऑफमध्ये गेले होते, म्हणजे संघ अगदी रसातळाला गेला होता अशातला भाग नव्हता. तरीही त्या दोघांनी सरळ लिहिले की आता संघ नव्याने, तरुण खेळाडूंवर उभा करायचा आहे, त्यासाठी आपल्या सर्वांच्या मनात घर केलेल्या काही ओळखीच्या खेळाडूंना गमवावे लागेल, आणि हे सगळे पुढचा कप जिंकण्याच्या लायकीचा संघ घडवण्यासाठी चालले आहे. आपण त्या वेळी साहाय्यक जनरल मॅनेजर होता, त्यामुळे ते पत्र आपल्या नजरेखालून गेले असणारच.

त्या पत्रानंतर अठराव्या दिवशी कर्णधार रायन मॅकडोना टँपा बेकडे गेला, आणि त्याच्याबरोबर जे. टी. मिलरही. त्याआधीच रिक नॅश बोस्टनला गेला होता. वर्षभराने, फेब्रुवारी २०१९ मध्ये, मॅट्स झुकारेलो डॅलसला गेला. त्या दिवशी आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर कोणी फारसे बोलले नव्हते. पण आमच्यापैकी एकानेही तिकिटे सोडली नाहीत. वाईट वाटले, राग आला नाही, कारण काय चालले आहे आणि कशासाठी, हे आम्हाला अगोदर सांगितलेले होते. पुढची तीन-चार वर्षे संघ हरत असताना गार्डन ज्या संयमाने भरत राहिले, त्याचे मोठे श्रेय मी त्या एका पत्राला देते. न्यूयॉर्कच्या प्रेक्षकाला संयम नसतो असे म्हणणाऱ्यांनी तो काळ आठवावा.

त्या पत्राचे दोन्ही सहीवाले आज आपल्या जागी नाहीत. गोर्टन यांना आणि त्यांच्याबरोबर अध्यक्ष जॉन डेव्हिडसन यांना ५ मे २०२१ रोजी एकाएकी दूर करण्यात आले आणि दोघांचीही पदे आपल्याकडे आली. तेव्हापासून या संघाने आम्हाला तशा मोकळेपणाने काहीही सांगितलेले नाही. पत्रकार परिषदा होतात, निवेदने निघतात. पण त्यांतून ताकास तूर लागू द्यायची नाही, हाच शिरस्ता दिसतो.

आपल्या कारभारात सगळे वाईटच झाले असे म्हणणारी मी नव्हे. २०२२ आणि २०२४ असे दोनदा आपला संघ परिषदेच्या, म्हणजे लीगच्या दोनपैकी आपल्या विभागाच्या, अंतिम फेरीत पोचला. व्हिन्सेंट ट्रोचेकचा करार ही आपली उत्तम निवड होती. २०२३-२४ मध्ये ५५ विजय आणि ११४ गुण मिळवून संघाने इतिहासातली आपली सर्वोत्तम कामगिरी केली आणि नियमित हंगामात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या संघाला मिळणारी प्रेसिडेंट्स ट्रॉफी जिंकली. पण पुढच्याच वर्षी ८५ गुणांवर हंगाम संपला आणि प्लेऑफही हुकले. प्रेसिडेंट्स ट्रॉफीनंतरच्या वर्षी असे होणे ही या लीगच्या इतिहासातली केवळ चौथी वेळ. (जुने चाहते लगेच सांगतात की पहिली वेळही रेंजर्सचीच होती, १९९२-९३ ची, आणि त्याच्या पुढच्या वर्षी कप आला. ही आशा आम्ही आमच्या खर्चाने बाळगतो. तिच्या भरवशावर संघाचा कारभार चालवू नये.) एका वर्षात इतके खाली येण्यामागे काय घडले, ते घडवण्यात व्यवस्थापनाच्या निर्णयांचा वाटा किती, याचा जाहीर आणि सविस्तर हिशेब आमच्यासमोर यायला हवा होता. तो न येता एप्रिलमध्ये दोन बातम्या पाठोपाठ आल्या: प्रशिक्षक पीटर लाव्हिओलेट यांना निरोप, आणि आपल्या कराराला अनेक वर्षांची मुदतवाढ.

माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार कर्णधाराबद्दलची आहे, आणि तिच्यावर थोडे सविस्तर लिहिणार आहे.

गेल्या हंगामाची सुरुवात संघाने बारा विजय, चार पराभव आणि एक जादा वेळेतला पराभव अशी केली होती. तक्रारीला जागा नव्हती. नोव्हेंबरच्या शेवटी शेवटी वृत्तपत्रांतून छापून आले की आपण इतर संघांच्या जनरल मॅनेजरांना बदलाची तयारी असल्याचे कळवले आहे आणि त्यात जेकब ट्रूबा व क्रिस क्रायडर यांची नावे घातली आहेत. एक विद्यमान कर्णधार, दुसरा संघातला सर्वांत जुना खेळाडू. दोघांनाही दुसऱ्या दिवशी त्याच लॉकर रूममध्ये जाऊन बूट बांधायचे होते. त्या चांगल्या सुरुवातीनंतरच्या १९ पैकी १५ सामने संघ हरला. हे सारे जनरल मॅनेजरांना गेलेल्या त्या एका निरोपामुळे झाले, असा दावा मी करणार नाही. बचाव ढिसाळ होता, पॉवर प्ले (प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाचा खेळ) आटला होता, आणि हे दोष त्याआधीही डोकावत होते. पण ज्या खोलीतल्या माणसांनी एकमेकांसाठी अंगावर पक, म्हणजे खेळातली कडक रबरी चकती, झेलायचे, त्या खोलीत कोणाचा नंबर पुढचा याची कुजबुज सुरू झाल्यावर काय होते, हे आपल्याला माझ्यासारखीने सांगायची गरज नाही.

६ डिसेंबरला ट्रूबा ॲनाहाइमला गेला. बदल्यात एक बचावपटू आणि चौथ्या फेरीतली निवड मिळाली. नंतर त्याने स्वतःच पत्रकारांना सांगितले की ॲनाहाइमला जाणे मान्य कर, नाहीतर वेव्हर्सवर टाकू, असा पर्याय त्याच्यापुढे ठेवण्यात आला होता. हॉकी न पाहणाऱ्या वाचकांसाठी थोडा खुलासा करते. अनेक ज्येष्ठ खेळाडूंच्या करारात, मला या-या संघांकडे पाठवता येणार नाही, अशी यादी असते. कमी पैसे किंवा जास्त वर्षे यांच्या घासाघिशीत त्यांनी ती मिळवलेली असते. मात्र खेळाडूला वेव्हर्सच्या यादीवर ठेवले की कोणताही संघ त्याला उचलू शकतो आणि ती हमी कागदावरच राहते. नियमाने हे पूर्णपणे चालते. जून २०२४ मध्ये बार्कली गुड्रोच्या बाबतीत हेच झाले होते. फ्लोरिडाविरुद्धच्या प्लेऑफ मालिकेतल्या दुसऱ्या सामन्यात जादा वेळेत विजयी गोल करणारा गुड्रो महिनाभरात वेव्हर्समार्गे सॅन होजेला पोचला. कोणाशी वाटाघाटी नाहीत, कोणाची संमती नाही, सुंठीवाचून खोकला गेला. पण एकदा केले तो नाइलाज म्हणता येईल, दुसऱ्यांदा तेच हत्यार कर्णधारावर उगारले की ती कार्यपद्धती होते. उद्या ज्या खेळाडूंना आपल्याला न्यूयॉर्कला बोलवायचे आहे, ते आणि त्यांचे प्रतिनिधीही हे वाचत असतात.

त्याच संध्याकाळी गार्डनमध्ये सामना होता. पेन स्टेशनच्या सरकत्या जिन्यांवरून वर येणाऱ्या गर्दीत ट्रूबाच्या आठ क्रमांकाच्या जर्सी घातलेले लोक होते. सकाळी कामाला निघताना कोटाच्या आत घातलेली जर्सी संध्याकाळपर्यंत दुसऱ्या संघाच्या खेळाडूची झाली होती. माझ्यापुढच्या पायरीवर दहा-बारा वर्षांचा एक मुलगा वडिलांना सारखे विचारत होता, आता कॅप्टन कोण? वडिलांकडे उत्तर नव्हते. ते आपल्याकडेही नव्हते, कारण उरलेला संपूर्ण हंगाम संघ कर्णधाराविना खेळला. याआधी मॅकडोना गेल्यापासून ऑगस्ट २०२२ पर्यंत, म्हणजे चार वर्षांहून जास्त काळ, हे पद रिकामेच होते. सात वर्षांत जे पद बहुतेक काळ रिकामे राहिले आणि जे भरले ते अशा रीतीने मोकळे झाले, त्या पदाला संघात किती मान आहे, हा प्रश्न त्या मुलाला नाही तर निदान मला पडतो.

दुसरी तक्रार तरुणांबद्दल. २०१८ च्या पत्राने तरुणांवर संघ उभा करू असे सांगितले होते. त्या काळातल्या पहिल्या दहांतल्या निवडी मोजून पाहा. २०१७ मध्ये सातवा लियास अँडरसन, २०१८ मध्ये नववा विताली क्रावत्सोव, २०१९ मध्ये दुसरा कापो काको आणि २०२० मध्ये पहिला अलेक्सी लाफ्रेनियेर. चौघांपैकी आज फक्त लाफ्रेनियेर उरला आहे. काकोला सामन्याबाहेर बसवले गेले, त्याने त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली आणि लगेचच तो सिएटलला रवाना झाला. निवडी चुकतात, हे कबूल. ड्राफ्ट म्हणजे अठरा वर्षांच्या पोराचे भविष्य सांगणे आहे. पण चारांपैकी तिघे वाया जातात तेव्हा निवड चुकली, शिकवणी चुकली की संधी दिली गेली नाही, याची तपासणी झाली का, आणि झाली असेल तर तिचा निष्कर्ष काय? २०२१ पासून क्विन, गॅलंट, लाव्हिओलेट असे तीन प्रशिक्षक गेले आणि आता माइक सलिव्हन आले आहेत. दर दोन वर्षांनी गुरुजी बदलणाऱ्या वर्गात मुलांची अडचण होणारच.

त्यातच, मिलरला जानेवारीत व्हँकूव्हरहून परत आणताना जी पहिल्या फेरीतली निवड दिली होती, ती यंदाची बारावी निवड म्हणून आता गेली. २०१८ मध्ये भविष्यासाठी ज्याला पाठवले, त्यालाच २०२५ मध्ये भविष्यातली निवड देऊन परत आणले. यामागे काही विचार असेलही. मिलर कडक खेळतो, मलाही तो आवडतो. पण संघ आता जिंकण्याच्या घाईत आहे की पुन्हा बांधणीला बसला आहे? क्रायडरला पाठवणे एक उत्तर देते, मिलरला आणणे दुसरे, आणि इगोर शेस्टर्किनला आठ वर्षांचा ९ कोटी २० लाख डॉलरचा करार देणे तिसरे.

पैशाचे गणित मला कळत नाही असे समजू नये. गेल्या हंगामात प्रत्येक संघाच्या पगारावर ८ कोटी ८० लाख डॉलरची मर्यादा होती आणि येत्या हंगामात ती ९ कोटी ५५ लाखांवर जात आहे. ट्रूबाचे वर्षाला ८० लाख आणि क्रायडरचे ६५ लाख मोकळे झाले की नवे खेळाडू घेता येतात. क्रायडर चौतीस वर्षांचा झाला, पाठीने त्याला सतावले, गोल बावीसवर आले. हे सगळे आपण आम्हाला सांगू शकला असता. आम्ही ऐकले असते, कदाचित मान्यही केले असते. कारण आम्हीच तो पाहिला आहे: पॉवर प्ले सुरू झाला की तो गोलरक्षकाच्या नाकासमोर जाऊन उभा राहायचा, पाठ गोलकडे, तोंड आपल्या माणसांकडे, मागून कंबरेत काठ्यांचे टोले बसत असताना काठीचे पाते येणाऱ्या पकच्या वाटेत अलगद धरायचा, आणि पक वाट बदलून आत जायचा. असे तेरा वर्षे उभे राहिल्यावर पाठ दुखणारच. १६ मे २०२४ रोजी कॅरोलिनाच्या मैदानावर संघ ३-१ ने मागे असताना शेवटच्या वीस मिनिटांत त्याने एकट्याने तीन गोल करून मालिका जिंकून दिली होती. त्या खेळाडूला निरोप देताना चार सरळ वाक्यांचे कारण मागणे ही भावुकता नव्हे.

तिसरी तक्रार थोडक्यात सांगते, कारण ती या शहरात सर्वांना ठाऊक आहे. ज्या कंपनीकडे हा संघ आहे ती शेअर बाजारात नोंदलेली आहे आणि दर तिमाहीला गुंतवणूकदारांच्या प्रश्नांना उत्तरे देते. मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या इमारतीला १९८२ पासून न्यूयॉर्क शहराचा मालमत्ता कर माफ आहे. क्वीन्समधल्या माझ्या घराला नाही. संघ खाजगी मालकीचा आहे हे मान्य, पण ज्या शहराने त्याला इतकी वर्षे ही सवलत दिली त्या शहरातल्या लोकांना भागधारकांच्या निम्म्याने तरी उत्तरे मिळावीत.

इथे खडकीचा एक दाखला द्यावासा वाटतो. डिसेंबर १९९८ मध्ये बँकॉकच्या आशियाई खेळांत भारताने बत्तीस वर्षांनी हॉकीचे सुवर्ण जिंकले. कर्णधार होता आमच्या खडकीचा धनराज पिल्ले. त्या विजयानंतर लगेच तो आणि आणखी सहा ज्येष्ठ खेळाडू संघाबाहेर गेले. विश्रांती दिली आहे, असे अधिकृत कारण सांगण्यात आले. सोयी आणि मानधन यांबद्दल धनराज उघड बोलला, त्याची ही शिक्षा आहे, असेच बहुतेकांनी मानले. खरे काय ते त्या वेळच्या पदाधिकाऱ्यांनाच माहीत. पण त्यांनी मिठाची गुळणी धरली आणि लोकांनी आपापला निष्कर्ष काढला, तो आजतागायत बदललेला नाही. आपल्याबद्दलही न्यूयॉर्कमध्ये सध्या तेच चालले आहे. काकोचे का, ट्रूबाचे का, क्रायडरचे का, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर लोक स्वतःच देत आहेत, आणि ते आपल्या बाजूचे नाही.

आपण कनेक्टिकटच्या ट्रंबुलचे, म्हणजे इथून तासा-दीड तासावरचे. २००८ ते २०११ या काळात आपण स्वतः या संघाचे कर्णधार होता. हरलेल्या सामन्यानंतर घामेजलेल्या अंगाने पत्रकारांसमोर उभे राहून काय चुकले ते सांगणे, हे कर्णधाराचे सर्वांत नावडते काम आपण केलेले आहे. इतकेच नव्हे, २०११ च्या उन्हाळ्यात शेवटचे वर्ष शिल्लक असताना रेंजर्सने आपलाही करार भरपाई देऊन संपवला होता. एखाद्या खेळाडूला संघ नको म्हणतो तेव्हा त्याला कसे वाटते, हे सध्याच्या जनरल मॅनेजरांमध्ये आपल्याइतके थोड्यांनाच ठाऊक असेल. म्हणूनच आपल्याकडून अपेक्षा जास्त आहे.

सगळेच उघड बोलता येत नाही, हे मी जाणते. कोणाशी बोलणी चालू आहेत, कोणाला किती देऊ केले, कोणाच्या प्रकृतीचे काय, हे आम्हाला नको आहे. आम्हाला हवे आहे ते असे.

एक, दरवर्षी हंगाम संपल्यावर आणि सीझन तिकिटांच्या नूतनीकरणाची मुदत संपण्याआधी आपल्या सहीचे पत्र चाहत्यांना यावे. गेल्या वर्षी काय ठरवले होते, त्यातले काय साधले, काय फसले, आणि पुढच्या वर्षी संघ जिंकण्यासाठी उतरणार आहे की बांधणीसाठी, हे त्यात स्पष्ट असावे. २०१८ चे पत्र नमुना म्हणून आपल्या दप्तरी आहेच. पहिले पत्र येत्या सप्टेंबरमध्ये, सराव शिबिराआधी यावे.

दोन, कर्णधार किंवा दहा वर्षांहून जास्त काळ संघात असलेला खेळाडू जाईल तेव्हा आठवडाभरात आपण स्वतः प्रश्नांना उत्तरे द्यावीत, प्रशिक्षकांना किंवा उरलेल्या खेळाडूंना पुढे करू नये. डिसेंबरमध्ये सामन्यानंतर त्या प्रश्नांची सरबत्ती खेळाडूंवर झाली, ती त्यांची जबाबदारी नव्हती.

तीन, ज्यांच्या करारात संघ नाकारण्याची यादी आहे त्यांच्याबाबत वेव्हर्सचा वापर धाक म्हणून होणार नाही, असे धोरण आपण जाहीर करावे. तसे करणे शक्य नसेल तर शक्य नाही असे सांगावे. करार करणाऱ्या खेळाडूला निदान ते आधी कळेल.

चार, तरुण खेळाडूंच्या घडणीची जबाबदारी नेमकी कोणावर आहे आणि हार्टफर्डच्या दुय्यम संघात कोणाला काय शिकवले जात आहे, हे वर्षातून एकदा लोकांसमोर मांडावे. विल कायलीसारखी जमलेली उदाहरणेही त्यात येऊ द्यावीत, ती सांगण्यात कमीपणा नाही.

आणि पाच, वर्षातून एका संध्याकाळी गार्डनमध्येच सीझन तिकीटधारकांची बैठक घ्यावी, जिथे प्रश्न आधी लिहून मागवले जाणार नाहीत आणि वरच्या मजल्यावरच्या लोकांनाही खालच्या सूटमध्ये बसणाऱ्यांइतकीच जागा असेल.

यातल्या एकाही मागणीला पगाराच्या मर्यादेतला एक डॉलरही लागत नाही.

नवा कर्णधार आपण नेमालच. तो कोण असावा याबद्दल माझे मत आहे, पण ते या पत्राचा विषय नाही. ज्याला नेमाल त्याला आपण सर्वांसमोर उभे करून त्याची निवड का केली हे सांगावे, आणि तो जाईपर्यंत त्या शब्दाला जागावे.

आपल्या उत्तराची मी सप्टेंबरपर्यंत वाट पाहीन. ते आले तर कोणताही शब्द न गाळता मराठीत प्रसिद्ध करीन. आमच्या तीन कुटुंबांनी येत्या हंगामाचे पैसे भरलेले आहेत, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये आम्ही आमच्या जागेवर असूच. पुढच्या वसंतातल्या नूतनीकरणाचा निर्णय मात्र आम्ही आपले उत्तर वाचून घेणार आहोत.

कळावे,
आपली विश्वासू,
वरच्या मजल्यावरची एक सीझन तिकीटधारक,
क्वीन्स, न्यूयॉर्क